पासवर्ड बदलला, तरी डेटाबेस जुनाच का धरून बसतो?

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी (ट्रान्स ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्यात पूर्वी रसायनांचे कारखाने होते, आता तिथे डेटा सेंटरं आणि आयटी पार्कही आहेत. रात्रपाळीला तिथे हमखास येणारी एक अडचण: सर्व्हरची मांडणी आपोआप करणाऱ्या अन्सिबलची स्क्रिप्ट सगळं हिरवं दाखवते, पोस्टग्रेस या डेटाबेसचा कंटेनर (प्रोग्रामचा बंदिस्त कप्पा) उभा राहतो आणि ॲप्लिकेशन म्हणतं, पासवर्ड चुकीचा. त्याच पट्ट्यातल्या महाप्यात मी एकदा पहाटे तीनपर्यंत कॉन्फिगरेशन फाइलचं अक्षर न् अक्षर तपासत बसलो होतो. फाइल बरोबरच होती.

प्रोग्रामला फाइल सिस्टिमचा एकच कोपरा दाखवायचा, ही युक्ती युनिक्समध्ये १९७९ पासून आहे. त्याच वाटेने २००० साली फ्रीबीएसडी या युनिक्सवंशी सिस्टिमने 'जेल्स' नावाचे बंदिस्त कप्पे आणले, २००८ मध्ये लिनक्सवर एलएक्ससी हे कंटेनरचं साधन आलं. मार्च २०१३ मध्ये सोलोमन हाइक्स यांनी कंटेनर चालवणारं डॉकर लोकांपुढे मांडलं आणि कंटेनर सगळ्यांच्या हाती आला. बिघडला की टाकून द्यायचा, नवा उभा करायचा. वेब सर्व्हरला हे मानवतं, डेटाबेसला कसं मानवणार? म्हणून डेटा कंटेनरबाहेर, व्हॉल्यूम नावाच्या वेगळ्या साठ्यात ठेवायची पद्धत पडली.

इकडे सर्व्हर मांडणाऱ्या साधनांत, मार्क बर्जेस यांच्या १९९३ च्या सीएफइंजिनपासून २०१२ च्या अन्सिबलपर्यंत दुसरंच वळण रुजत होतं: स्क्रिप्ट कितीही वेळा चालवा, सर्व्हर लिहिलंय तसाच सापडेल.

या दोन गोष्टी व्हॉल्यूमपाशी अडकतात. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज (कंटेनरचा तयार साचा) सुरू होताना डेटा डिरेक्टरी रिकामी आहे का ते बघते. रिकामी असेल तरच पासवर्ड बसवते, सुरुवातीच्या स्क्रिप्ट चालवते. आत जुना डेटा असला की हे सगळं वगळते. अन्सिबल नव्या पासवर्डचा नवा कंटेनर उभा करतं, आतला डेटाबेस मात्र जुनाच. लॉगमध्ये तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण आपण लॉग शेवटी उघडतो.

दुसरा चकवा पहिल्याच सुरुवातीचा. त्या वेळी इमेज आधी एक तात्पुरता सर्व्हर चालवते. तो फक्त युनिक्स सॉकेटवर, म्हणजे नेटवर्कविना आतल्या आत होणाऱ्या जोडणीवर, ऐकतो आणि काम झालं की बंद होतो. आतून सॉकेटवर तपासलं तर डेटाबेस तयार वाटतो, बाहेरून येणाऱ्याला कनेक्शन मिळत नाही. डेटाबेस तयार आहे का ते बघणाऱ्या हेल्थचेकमध्ये १२७.०.०.१ हा स्वतःचाच नेटवर्क पत्ता दिला की ही फसगत टळते.

त्या पहाटे बरोबरच्या मुलाने विचारलं होतं, "दादा, व्हॉल्यूम उडवू का? नवीन बनेल." मी त्याचा हात धरला. त्यात ग्राहकाचा आठ महिन्यांचा डेटा होता. कंटेनरच्या आत शिरलो. अधिकृत इमेजमध्ये सॉकेटवरून पासवर्ड लागत नाही. पासवर्ड बदलणारी 'ऑल्टर यूजर'ची एक ओळ दिली, ॲप्लिकेशन जोडलं गेलं. तेव्हापासून आमच्या प्लेबुकमध्ये (अन्सिबलच्या स्क्रिप्टमध्ये) पासवर्ड बदलण्याचा टास्क वेगळा आहे आणि तो चालू डेटाबेसवरच चालतो.