जर्मनच्या पत्र्यातली काळी रेघ

गेल्या महिन्यात मोबाइलवर एक फोटो फिरत आला. मिरजेतल्या एका भंगाराच्या दुकानातला ताटाएवढा पत्रा, त्यावर रिबिटांच्या दोन ओळी आणि खाली मजकूर : ‘महायुद्धातल्या बॉम्बरचा तुकडा, परदेशात किंमत पन्नास लाख.’ किमतीचं राहू द्या, पण पत्रा मिरजेत आहे म्हटल्यावर मला घरी बसवेना. दुपारी गेलो. दुकानदाराने किलोच्या भावाने दिला.

आपल्या भागात रिबिटं मारलेला अल्युमिनियमचा पत्रा दिसला की पहिला संशय एसटीवर घ्यावा. दापोडीच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षं एसटीच्या बॉड्या याच धातूच्या बांधल्या गेल्या आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचे पत्रे भंगारात येतच असतात. चेपलेला, रंग उडालेला पत्रा बसचा की विमानाचा हे नुसतं बघून कळत नाही. ते धातूलाच विचारावं लागतं.

विचारायची रीत सोपी आहे. पत्र्याची कड बारीक पॉलिश कागदाने थोडी तिरपी घासायची आणि तिच्यावर दहा टक्के कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा एक थेंब ठेवायचा. हातमोजे आणि चष्मा हवाच, हे द्रावण डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. पाच-दहा मिनिटं बुडबुडे येतात, मग पाण्याने धुवायचं. आपण ज्याला ‘जर्मन’ म्हणतो त्या अल्युमिनियमच्या पातेल्यावर हाच थेंब ठेवला तर डाग पांढुरका राहतो. माझ्या पत्र्याच्या कडेला भिंगातून तीन रेघा दिसल्या : वर पांढरी, मध्ये काळी, खाली पांढरी. त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला मी ते भिंग हातात देऊन दाखवलं.

काळं पडतं ते तांबं. अल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो, तांबं मात्र विरघळत नाही. ते बारीक भुकटी होऊन जागेवरच काळं बसतं. बसच्या किंवा पातेल्याच्या पत्र्यात तांबं नसल्यात जमा असतं. विमानाच्या पत्र्यात ते चार टक्क्यांच्या आसपास असतं, आणि ते तिथे का घातलं ही धातुशास्त्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे.

१९०६ साली आल्फ्रेड विल्म नावाचा जर्मन धातुशास्त्रज्ञ अल्युमिनियम कडक करायच्या खटपटीत होता. पोलाद तापवून पाण्यात विझवलं की कडक होतं, तसंच त्याने तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेल्या अल्युमिनियमचं करून पाहिलं. विझवल्यावर धातू मऊच. सांगतात की शनिवारी काम अर्धवट टाकून तो घरी गेला आणि सोमवारी तोच नमुना पुन्हा तपासला, तर तो कितीतरी कडक झालेला होता. कुणी हात लावला नव्हता, नुसता वेळ गेला होता. या मिश्रधातूचं नाव पुढे ड्युरालुमिन पडलं.

काकवीची बरणी आठवा. गरम असताना तिच्यात साखर पूर्ण विरघळलेली असते, पण गार होऊन काही दिवस गेले की तळाशी खडे धरतात. तसंच सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तांबं अल्युमिनियममध्ये विरघळून जातं. एकदम पाण्यात विझवलं की त्याला बाहेर पडायला सवड मिळत नाही, ते आत कोंडलं जातं. मग दिवसागणिक तांब्याचे अणू हळूहळू सरकत एकमेकांजवळ येतात आणि चकत्या करतात. या चकत्या एक-दोन अणू जाडीच्या आणि काही नॅनोमीटर रुंदीच्या असतात. साध्या सूक्ष्मदर्शकात त्या दिसणं शक्यच नव्हतं. १९३८ साली फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांशी संबंध नसताना, क्ष-किरणांच्या विखुरण्यावरून त्या ओळखल्या.

आता चकत्यांनी कडकपणा का यावा? धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात, पण अख्खा थर एकदम घसरत नाही. मंगल कार्यालयातली मोठी सतरंजी ओढून हलत नाही, तिच्यात एक सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सगळी सतरंजी सरकते. स्फटिकातल्या अशा सुरकुतीला डिस्लोकेशन म्हणतात. तांब्याच्या चकतीभोवती अणूंची जाळी किंचित ओढली गेलेली असते, त्या ताणात सुरकुती अडकते, पुढे जायला तिला जास्त बळ लागतं. चकत्या पसरलेल्या आणि जवळजवळ असतील तर धातू बळकट. त्या मोठ्या होऊन विरळ झाल्या तर सुरकुती त्यांना वळसा घालून निघून जाते आणि धातू पुन्हा मऊ पडतो.

पण या तांब्यापायीच ड्युरालुमिन लवकर गंजतं. तांबं आणि अल्युमिनियम यांची दमट हवेत जागोजागी छोटी बॅटरी तयार होते आणि अल्युमिनियम झिजतं. म्हणून १९२०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पत्र्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अल्युमिनियमचा थर लाटून चिकटवायला सुरुवात झाली. याला अलक्लॅड म्हणतात. जस्ताचा मुलामा लोखंडी पत्र्याला वाचवतो, त्याच तत्त्वावर हा थर आधी झिजतो आणि गाभा राखतो. पाऊण मिलिमीटर पत्र्यावर तो केसाहूनही पातळ असतो. माझ्या दोन पांढऱ्या रेघा त्याच्या होत्या.

एवढ्यावरून पत्रा जुना ठरत नाही, कारण असा पत्रा विमानांसाठी आजही बनतो. मग मी रिबिटांकडे वळलो. डोक्याच्या मधोमध बारीक खळगा होता. अमेरिकी पद्धतीत ही खूण कमी तांब्याच्या रिबिटाची. दोन उंच रेघा असत्या तर ते २४ क्रमांकाच्या मिश्रधातूचं रिबीट झालं असतं. ते विझवल्यावर थेट बर्फाच्या पेटीत ठेवतात आणि बाहेर काढल्यावर काही मिनिटांत ठोकतात, नाहीतर आत चकत्या तयार होऊन ते कडक होतं आणि ठोकताना फुटतं. विल्मच्या सोमवारची भीती अशी पेटीत गारठवून ठेवलेली असते.

आतल्या बाजूला हिरवट पिवळा रंग होता, झिंक क्रोमेटचा. हा रंग कधीही घासू नका. त्यातलं क्रोमियम विषारी आहेच, शिवाय त्याच्याखाली पुरावा असतो. विमानाच्या जुन्या घड्याळांच्या तबकड्याही उघडू नयेत. आपण गाडीच्या चकचकीत पट्टीला रेडियम म्हणतो, तिच्यात रेडियम नसतं. त्या तबकड्यांवर खरोखरच असू शकतं, आणि हे किरणोत्सारी रेडियम १६०० वर्षांनीही निम्मं उरलेलं असतं.

कापसाने धूळ टिपली, खोलीत अंधार केला आणि टॉर्च तिरपा धरला. रंग उडालेल्या जागी शाईची पुसट अक्षरं उमटली : ‘२४एस-टी’. या मिश्रधातूला हे नाव १९३१ पासून होतं. १९५४ साली अमेरिकेत चार आकडी क्रमांक आले आणि त्याचं नाव २०२४ झालं. म्हणजे पत्रा लाटला गेला तो साधारण या दोन सालांच्या मध्ये.

बॉम्बर? तसं म्हणायला आधार नाही. त्या काळातलं आपल्याकडचं नेहमीचं अमेरिकी विमान म्हणजे डकोटा, आणि अशी दहा हजारांहून जास्त बनली. युद्धात अमेरिकी विमानं दुरुस्त करणारा बंगळूरचा कारखाना वालचंद हिराचंद यांनी १९४० साली काढला. त्यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीतच आहे. पन्नास लाखांचा आकडा मात्र राईस पुलर (तांदूळ ओढणारं म्हणून विकलं जाणारं भांडं) आणि लाल पारा या फसवणुकींच्या पंगतीतला आहे. कोणतंही भांडं तांदूळ ओढत नाही, आणि या नादात लोकांनी घरातले लाखो रुपये घालवले आहेत. असा मजकूर पुढे पाठवू नका.

पॅसिफिकमधल्या निकुमारोरो बेटावर १९९१ साली असाच एक पत्रा मिळाला होता. अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या हरवलेल्या विमानाचा म्हणून तो वर्षानुवर्षं अभ्यासला गेला. शेवटी रिबिटांची जुळणी लागली ती डकोटाच्या पंखाशी. म्हणून सध्या मी रिबिटांमधली अंतरं इंचांत मोजतोय. एका ओळीत ती एकसारखी आहेत, दुसरीत मध्येच एक जागा सुटली आहे. तिथे आतून दुसरा भाग जोडलेला असणार. डकोटाच्या पंखाच्या आराखड्यात अशी सुटलेली जागा कुठे आहे, ते शोधायचं काम आता सुरू आहे.