विमानात धूर झाला तरी मास्क का पडत नाहीत?

दिवाळी जवळ आली की पुण्याहून यवतमाळ-वर्ध्याकडे येणाऱ्या ट्रॅव्हल्सचं भाडं असं चढतं, की आमच्या भागातली पोरं आता सरळ नागपूरचं विमान धरतात. आईवडीलही त्यांच्यासोबत जाऊ-येऊ लागलेत. त्यामुळे विमानाची एखादी वाईट बातमी आली की पारावर तिची चर्चा होतेच. मागे अशाच चर्चेत एका काकांनी ठासून सांगितलं, "धूर झाला तं मास्क पडते ना वरतून! तोंडाले लावाचा अन् चूप बसाचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. ही समजूत जिवावर बेतू शकते, म्हणून हा लेख.

वरून पडणारे मास्क धुरासाठी नसतातच. ते आहेत हवेच्या दाबासाठी. केबिनमधला दाब घसरून साधारण १४,००० फूट उंचीवर असतो तेवढा झाला, की ते आपोआप खाली येतात. त्यांतून येणारा ऑक्सिजन केबिनच्या हवेत मिसळूनच नाकात जातो. हवेत धूर असेल तर तोही सोबत जातो. शिवाय आग लागलेल्या जागी ऑक्सिजन सोडला तर ती आणखी भडकते. धुरासाठी वैमानिकांकडे चेहरा झाकणारे वेगळे मास्क असतात आणि कर्मचाऱ्यांकडे डोक्यावरून ओढायचे हूड. प्रवाशाचा बचाव म्हणजे दार.

विमान जमिनीवर आहे, मग एवढी घाई कशाला? २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरच्या धावपट्टीवर एक बोइंग ७३७ उड्डाणासाठी धावत असताना डावं इंजिन फुटलं आणि त्याच्या तुकड्याने पंखातली इंधनाची टाकी भोसकली. वैमानिकाने विमान थांबवलं. ते हवेत गेलंच नाही, तरी ५५ माणसं गेली, आणि त्यांतली बहुतेक भाजून नव्हे, धुराने गेली.

धूर माणसाला मारतो कसा, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. हिमोग्लोबिन हा शब्द विदर्भातल्या खेड्यांना सिकलसेलच्या तपासणीमुळे ओळखीचा आहे. फुप्फुसात ऑक्सिजन उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्याचं काम. अर्धवट जळणाऱ्या वस्तूंतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनवर नेमकी ऑक्सिजनचीच जागा धरतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशेपट किंवा त्याहून घट्ट असते. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९५ मध्ये स्वतः हा वायू हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते. पकड २१० पट धरून हिशेब करून पाहा. हवेत ऑक्सिजन २१ टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड फक्त ०.१ टक्का. ०.१ ला २१० ने गुणलं की येतात २१. म्हणजे दोघांची ताकद सारखी झाली! अशा हवेत पुरेसा वेळ राहिलं तर निम्मं हिमोग्लोबिन कामातून जातं. बरं, एका रेणूवरच्या चार जागांपैकी एक-दोन या वायूने धरल्या, की उरलेल्या जागांवरचा ऑक्सिजनही तिथेच अडकून बसतो, पेशींना सुटत नाही. जळत्या केबिनमध्ये तर हे प्रमाण ०.१ टक्क्याच्या कितीतरी पुढे जातं, त्यामुळे तासांचं काम मिनिटांत होतं.

त्यात सीटचा फोम, लोकर, नायलॉन जळून हायड्रोजन सायनाइडची भर पडते. सायनाइड पेशीच्या आत, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियामधलं सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतं. मग रक्तात ऑक्सिजन असला तरी पेशीला तो वापरता येत नाही. आणि सुरुवातीला या विषाने श्वास वाढतो, म्हणजे धूर आणखी आत ओढला जातो. बसलेल्या माणसाला फारसं काही जाणवत नाही. उठायला गेला की पाय लटपटतात. चूप बसण्याचा सल्ला घातक आहे तो याचसाठी.

पौषाच्या थंडीत दारं-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, तेव्हाही मारेकरी हाच वायू असतो. अशा घरासमोर करणी आणि बाहेरच्या बाधेची कुजबुज करणाऱ्यांना गावाने तिथल्या तिथे थांबवलं पाहिजे. मांत्रिकाच्या दारात गेलेला वेळ दवाखान्याचा असतो.

गरम धूर वर चढतो, छताखाली थर धरतो आणि हळूहळू खाली उतरतो. कवेलूच्या घरात चूल पेटली की आढ्याला धूर कोंडतो आणि चुलीपुढे बसलेल्या बाईला श्वास घेता येतो, तसंच हे. म्हणून विमानात वाकून चालायचं. १९८३ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला एक डीसी-९ विमान धुराने भरलेलं उतरलं. दारं उघडल्यावर मिनिट-दीड मिनिटात आत साठलेले तापलेले वायू एकदम भडकले आणि ४६ पैकी २३ जण गेले. त्यानंतर अमेरिकेत जमिनीलगतचे दिवे आणि सीटच्या फोमवर आग रोखणारं आवरण सक्तीचं झालं. अर्ध्याच दारांतून ९० सेकंदांत सगळे बाहेर आले पाहिजेत, हा नियम त्याआधीचा, १९६७ चा.

दार मात्र मनाने उघडायचं नाही. बाहेर आग असू शकते, इंजिन फिरत असू शकतं. कर्मचारी आधी खिडकीतून पाहतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जळत्या ए३५० विमानाच्या आठांपैकी तीनच दारं वापरता आली. घोषणायंत्रणा बंद पडली होती, कर्मचाऱ्यांनी भोंग्यावरून आणि ओरडून सूचना दिल्या. त्या विमानातले सगळे ३७९ जण वाचले. उलट १९८० मध्ये रियाधला आग लागलेलं विमान सुखरूप उतरलं, पण इंजिनं बंद झाल्यावर दार उघडायला २३ मिनिटं गेली. ३०१ पैकी एकही वाचला नाही.

पावसाळ्यात नागपूरला विमानात बसल्यावर एसीच्या फटींतून पांढरे लोट येताना दिसले तर घाबरू नये. दमट हवा थंड होऊन ते धुकं तयार होतं; त्याला वास नसतो आणि ते लगेच विरतं. जळका वास आला तर मात्र कर्मचाऱ्यांना लगेच सांगावं, आणि बाहेर पडायची आज्ञा झाली की बॅगेला हात लावू नये.

धुरातून बाहेर काढलेल्या माणसाच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून '९८ आहे, चांगला आहे' म्हणत त्याला घरी नेऊ नका. कोरोनापासून घरोघरी आलेलं ते यंत्र कार्बन मोनॉक्साइडने धरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनचंच समजतं. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. तेव्हा आकडा काहीही दाखवो, रुग्णालय गाठायचं आणि 'हा बंद जागेत धुरात होता' हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं.