मॉल्डनची लढाई आणि भरतीचं वेळापत्रक

इंग्लंडमधल्या एसेक्सचा वयोवृद्ध सरदार बिर्टनॉथ याने गर्वापोटी व्हायकिंगांना, म्हणजे उत्तर युरोपातून समुद्रमार्गे आलेल्या हल्लेखोरांना, वाट करून दिली आणि 991 सालची मॉल्डनची लढाई गमावली, असं सर्रास सांगितलं जातं. हे सांगताना खाडीच्या पाण्याचा हिशेब मात्र फारसा केला जात नाही.

लढाई 10 ऑगस्टची (काही नोंदींत 11). व्हायकिंगांचा तळ ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीतल्या नॉर्थी बेटावर होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. बेटावरून किनाऱ्याला येणारी एकच अरुंद वाट, तीही हाजीअलीच्या वाटेसारखी भरतीत बुडणारी. आज ती पूर्ण भरतीच्या आधी आणि नंतर सुमारे दोन-दोन तास पाण्याखाली असते. या लढाईवरच्या जुन्या इंग्रजी कवितेत पाण्याचे प्रवाह एकमेकांत गुंतल्याचं वर्णन आहे. ते अगदी नेमकं आहे: भरतीचं पाणी बेटाला दोन्हीकडून वळसा घालून येतं आणि वाटेवर भिडतं.

चंद्र पाणी ओढतो, एवढ्यावरून भरती समजत नाही. तसं असतं तर दिवसात एकच भरती आली असती. भरती येते ती ओढीतल्या फरकामुळे. पृथ्वीच्या केंद्राच्या मानाने चंद्राकडची बाजू जास्त ओढली जाते आणि पलीकडची कमी, म्हणून फुगवटे दोन. अंतर दुप्पट झालं की गुरुत्वाकर्षण एक चतुर्थांश होतं, पण हा फरक एक अष्टमांशावर येतो, कारण तो अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे 2.7 कोटी पट, अंतर 390 पट. 390 चा घन 5.9 कोटी. 2.7 भागिले 5.9 म्हणजे 0.46. म्हणून एवढा प्रचंड सूर्यही भरतीच्या बाबतीत चंद्राच्या निम्माही नाही. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची बेरीज होऊन उधाण येतं, अष्टमीच्या सुमारास वजाबाकी होऊन भांगाची, म्हणजे कमी चढणारी भरती.

अमावास्येला अशुभ मानतात, पण यात अशुभ काहीही नाही. शरीरात सुमारे 60 टक्के पाणी, म्हणून अमावास्येला डोकं फिरतं, हा दावाही निखालस खोटा आहे. फरक जाणवायला हजारो किलोमीटर पसरलेला समुद्र लागतो. दोन मीटरच्या देहात तो नगण्य असतो.

चंद्राचे 29.53 दिवसांचे महिने मोजत मागे गेलं, की 991 मधली अमावास्या 13 ऑगस्टच्या आसपास येते. म्हणजे लढाईच्या दिवशी द्वादशी-त्रयोदशी, उधाण चढतं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: तेरा गुणिले पाऊण, पावणेदहा. योगायोगाने एसेक्सच्या किनाऱ्यावरही अमावास्येची भरती दुपारी बाराच्या सुमारास येते, त्यामुळे हे गणित तिथेही ढोबळमानाने चालतं. हजार वर्षांत समुद्र वर आला आहे आणि गाळ सरकला आहे, म्हणून मिनिटांचा आग्रह धरू नये. पण चित्र स्पष्ट आहे: सकाळी दहाच्या सुमारास पूर्ण भरती, बाराच्या सुमारास वाट उघडी, चारला तळाची ओहोटी, रात्री आठनंतर वाट पुन्हा बुडालेली.

वाट उघडी पडल्यावर बिर्टनॉथच्या वुल्फस्टान, एल्फहेरे आणि माकुस या तिघा योद्ध्यांनी ती अडवून धरली. अरुंद वाटेवर तिघे पुरतात. पण ओहोटीत चिखलावर टेकलेल्या व्हायकिंगांच्या नावा रात्रीच्या भरतीत पुन्हा तरंगणार होत्या. वाट अडवून ठेवली असती, तर ते अंधारात निघून पहारा नसलेल्या एखाद्या गावावर तुटून पडले असते. बिर्टनॉथपुढे शत्रू एका जागी सापडण्याची तेवढीच दुपार होती. त्याने त्यांना पलीकडे येऊ दिलं आणि तो लढाईत मारला गेला. त्याच वर्षी इंग्लंडने व्हायकिंगांना 10,000 पौंड चांदी मोजली.