महानगरांची नभरेषा आणि घळईसारखे रस्ते

नभरेषा म्हणजे शहरातील इमारतींच्या माथ्यांमुळे आकाशाला पडलेली कड. ‘स्कायलाइन’ हा इंग्रजी शब्दही मराठीत सर्रास चालतो. ही रेषा दुरूनच दिसते: नदीच्या पलीकडच्या काठावरून, बंदरातल्या बोटीवरून, टेकडीच्या माथ्यावरून. त्याच इमारतींच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले, की ती नाहीशी होते आणि दोन उभ्या भिंतींमधली एक लांबट पोकळी तेवढी उरते. नगररचनेत आणि हवामानशास्त्रात या पोकळीला नदीच्या घळईची उपमा देतात. शहरांची तुलना करताना मनोरे मोजले जातात, उंचीचे तक्ते मांडले जातात. रस्त्याची घळई त्या तक्त्यात कुठेच नसते. माणसाचा दिवस मात्र तिच्यातच जातो. देखणी नभरेषा आणि चांगला रस्ता या दोन गोष्टी एकाच शहराला लाभतातच असे नाही, म्हणून त्या वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

इमारत जोवर भिंतींवर तोलली जात होती, तोवर तिच्या उंचीला आपोआप लगाम बसत असे. शिकागोतील मोनॅडनॉक इमारतीचा १८९१ मध्ये पूर्ण झालेला भाग १६ मजल्यांचा आहे, आणि तेवढ्यासाठी तळाच्या विटांच्या भिंती सुमारे १.८ मीटर जाड कराव्या लागल्या. त्याच शहरात १८८५ साली विल्यम ल बॅरन जेनी यांनी होम इन्शुरन्स ही १० मजली इमारत उभारली होती. तिचा भार मुख्यतः लोखंड-पोलादाच्या सांगाड्याने पेलला होता. न्यूयॉर्कमध्ये १८५७ पासून प्रवासी लिफ्ट चालू होती, त्यामुळे वरच्या मजल्यांनाही भाडेकरू मिळू लागले. सांगाडा आणि लिफ्ट हाताशी आल्यावर भूखंडाच्या कडेकडेने सरळ वर चढत जाण्यात तांत्रिक अडचण अशी उरली नाही. अडचण सोसावी लागली ती रस्त्याला.

तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दक्षिण मॅनहॅटनमधील इक्विटेबल इमारत. १९१५ साली पूर्ण झालेली ही ३८ मजली इमारत भूखंडाच्या कडेपासून कुठेही मागे न सरता १६० मीटरहून अधिक उंच गेली. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ तीसपट जागा तिच्यात सामावली होती. चटईक्षेत्र निर्देशांकाच्या आजच्या भाषेत सांगायचे, तर तो ३० च्या घरात होता. शेजारच्या कार्यालयांत भरदिवसा अंधार झाला. अशी आणखी काही बांधकामे झाली तर या भागातल्या रस्त्यांवर ऊन पोहोचणारच नाही, हे लोकांच्या ध्यानात आले आणि शहराने १९१६ मध्ये नियमावली केली. रस्त्याच्या रुंदीच्या ठरावीक पटीपर्यंत इमारत कडेने सरळ चढवता येई. त्यापुढे तिला टप्प्याटप्प्याने मागे सरावे लागे. भूखंडाच्या एक-चतुर्थांश भागावर मात्र कितीही उंच मनोरा बांधायची मुभा होती. मॅनहॅटनच्या नभरेषेतली पायऱ्यापायऱ्यांची आकृती अशी जन्माला आली. एम्पायर स्टेट इमारत (१९३१, छतापर्यंत ३८१ मीटर) खाली रुंद आणि वर निमुळती आहे, त्यामागे रस्त्यावर उजेड पडावा हा हिशेब आहे. दुरून दिसणाऱ्या आकाराचे मूळ खाली रस्त्यावर सापडावे, असे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

मॅनहॅटनची नभरेषा दोन डोंगरांसारखी दिसते. दक्षिण टोकाला एक समूह, मध्यभागी दुसरा आणि दोहोंमध्ये खोलगट भाग. या खोलगट भागात खडक फार खोलवर असल्याने तिथे उंच बांधकाम जमले नाही, असे स्पष्टीकरण वर्षानुवर्षे दिले गेले. अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या इमारतींचा हिशेब मांडल्यावर ते टिकले नाही. खडक खोल असला तरी इमारती उभ्या राहिल्याच होत्या. दुसरा समूह तयार झाला तो मुख्यतः वस्ती, दुकाने आणि रेल्वेस्थानके उत्तरेकडे सरकल्यामुळे. नभरेषा हा असा पैशाचा नकाशा असतो: जिथे जमीन महाग, तिथे रेषा वर जाते.

संख्येच्या हिशेबाने हाँगकाँग सर्वांच्या पुढे आहे. १५० मीटरहून उंच अशा पाचशेहून अधिक इमारती तिथे आहेत. न्यूयॉर्कमध्ये त्या तीनशेच्या पुढे आहेत. तरीही हाँगकाँगच्या देखाव्यात शेवटचा शब्द डोंगराचा आहे. बेटावरचे व्हिक्टोरिया शिखर ५५२ मीटर उंच आहे आणि त्याच्या पुढ्यात ४१२ मीटरचा ‘टू आयएफसी’ मनोरा उभा आहे. बंदराच्या पलीकडून पाहताना डोंगराच्या धारेखालचा २० ते ३० टक्के पट्टा इमारतींविना मोकळा दिसावा, असे तिथल्या नियोजनाचे धोरण आहे. सवलतीही दिल्या गेल्या आहेत, पण डोंगराची धार अजून दिसते. खाली रस्त्यावर चित्र वेगळे. किनाऱ्यालगत लांब, सलग उभ्या राहिलेल्या निवासी मनोऱ्यांना लोक ‘पडदा-इमारती’ म्हणू लागले, कारण त्यांच्या मागच्या वस्तीतला वारा अडतो. २००३ च्या सार्स साथीनंतर दाट वस्तीतल्या हवेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि २००६ पासून मोठ्या प्रकल्पांसाठी वायुविजनाचे मूल्यमापन करण्याची पद्धत सुरू झाली.

लंडनने उलट बाजूने विचार केला: काय बांधायचे यापेक्षा काय झाकायचे नाही, हे आधी ठरवले. सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट काही ठरावीक ठिकाणांहून दिसलाच पाहिजे. त्यांतले एक ठिकाण रिचमंड पार्कमध्ये, सुमारे १६ किलोमीटरवर आहे. लेडनहॉल इमारत (२०१४, २२५ मीटर) एका बाजूने तिरकी कापल्यासारखी दिसते, ती फ्लीट स्ट्रीटवरून घुमटाची कड सुटी दिसावी म्हणून. व्हँकूव्हरने १९८९ मध्ये उत्तरेकडचे डोंगर दिसत राहावेत म्हणून असेच दृष्टिपट्टे, म्हणजे नजरेसाठी मोकळ्या ठेवलेल्या वाटा, राखले. तिथे रुंद बैठ्या भागावर सडपातळ मनोरा ठेवण्याचीही रीत पडली, त्यामुळे दोन मनोऱ्यांमधून डोंगर डोकावतो आणि खाली रस्त्याला घरांची, दुकानांची अखंड कडही मिळते. नभरेषा आणि रस्ता या दोहोंचा विचार एकाच वेळी झाल्याचे हे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते.

शांघायच्या पुडाँग भागात जिनमाओ (४२१ मीटर), वर्ल्ड फायनान्शियल सेंटर (४९२ मीटर) आणि शांघाय टॉवर (६३२ मीटर) हे तीन मनोरे शेजारीशेजारी उभे आहेत. हुआंगपू नदीच्या पलीकडच्या ‘बंड’ या धक्क्यावरून रात्री दिसणारे त्यांचे दृश्य जगातल्या उत्कृष्ट दृश्यांपैकी आहे, यात वाद नाही. पण नदी ओलांडून गेले की जवळच १०० मीटर रुंदीचा सेंचुरी ॲव्हेन्यू लागतो, आणि पायी चालणाऱ्यांसाठी चौकावर गोलाकार उन्नत मार्ग बांधावा लागला आहे. मनोरे एकमेकांपासून आणि रस्त्यापासून इतके सुटे आहेत, की त्यांची भिंत होतच नाही. दुबईचा शेख झायेद रस्ताही तसाच. दोन्ही बाजूंना मनोऱ्यांची एकेक रांग, मध्ये बारा आणि त्याहून अधिक मार्गिका. मोटारीतून जाताना तो भव्य वाटतो, पण पलीकडच्या दुकानात जायचे तर मेट्रो स्थानकाचा पादचारी पूल शोधावा लागतो.

याउलट पॅरिसची मध्यवर्ती नभरेषा जवळजवळ सपाट आहे. १८५९ च्या नियमानुसार २० मीटर रुंद रस्त्यावर इमारतीची कार्निस, म्हणजे दर्शनी भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली कड, २० मीटरपर्यंत नेता येत असे, म्हणजे उंची आणि रुंदी समसमान. १९७३ मध्ये मोंपार्नास मनोरा सुमारे २१० मीटर उंच झाला, त्याने लोक बिथरले आणि १९७७ मध्ये ३७ मीटरची मर्यादा आली. मध्यंतरी ती काही भागांत शिथिल झाली होती, २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. वॉशिंग्टनमध्ये १९१० च्या कायद्याने इमारतीची उंची रस्त्याच्या रुंदीला बांधली आहे: रुंदी अधिक २० फूट, आणि त्यावर कमाल मर्यादा. टोकियोच्या मारुनोउची भागात जुनी मर्यादा ३१ मीटरची होती. ती उठून कित्येक दशके झाली, मोठे मनोरेही आले. तरी अनेक नव्या इमारतींत रस्त्यालगतचा भाग त्याच उंचीवर थांबवून मनोरा मागे घेतला आहे. पदपथावरून वर पाहिले, की जुन्या कार्निसची रेघ एका इमारतीवरून दुसरीवर सरकत गेलेली दिसते.

अरुंद रस्ता वाईटच असतो, असे मात्र नाही. शिकागोचा लासाल स्ट्रीट दोन्हीकडून कार्यालयांनी दाटलेला आहे, पण त्याच्या दक्षिण टोकाला बोर्ड ऑफ ट्रेड या धान्यबाजाराची १८४ मीटर उंच इमारत (१९३०) आडवी उभी राहते आणि घळई बंद करते. तिच्या शेंड्यावर धान्यदेवता सेरेसचा पुतळा आहे. त्याला चेहरा कोरलेलाच नाही. चालणाऱ्याची नजर त्या टोकावर जाऊन थांबते. मॅनहॅटनमध्ये मात्र १८११ च्या आराखड्यातले आडवे रस्ते एका नदीपासून दुसऱ्या नदीपर्यंत सरळ जातात, टोकाला काही नसते. ही जाळी भौगोलिक उत्तरेपासून सुमारे २९ अंशांनी कललेली आहे. त्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्याच्या सुमारास मावळता सूर्य नेमका रस्त्याच्या ओळीत येतो. दोन्हीकडच्या काचा तांबूस होतात, लोक सिग्नल लागताच रस्त्याच्या मध्ये येऊन फोटो घेतात आणि दिवा बदलला की पांगतात.

घळईचे मोजमाप मुख्यतः इमारतीची उंची भागिले रस्त्याची रुंदी या गुणोत्तराने होते. लांबलचक सलग रस्त्यात हे गुणोत्तर १ असेल, तर मध्यभागी जमिनीवरून दिसणाऱ्या आकाशाचा गुणांक मोकळ्या मैदानातल्या १ च्या तुलनेत सुमारे ०.४५ भरतो, गुणोत्तर २ झाले की तो ०.२४ वर येतो. आकाश जितके कमी दिसते, तितकी दिवसभर तापलेल्या भिंतींची उष्णता रात्री बाहेर पडायला वेळ लागतो. टिमथी ओक या हवामानशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हा संबंध मांडला. गुणोत्तर साधारण ०.७ च्या पुढे गेले, की वरचा वारा छपरांवरून सरकून जातो आणि खालची हवा, धुरासकट, जागच्या जागी भोवरा घेत राहते. एखादाच मनोरा शेजाऱ्यांपेक्षा बराच उंच असेल तर याच्या उलट घडते: त्याच्या दर्शनी भागावर आदळलेला वारा खाली उतरतो आणि कोपऱ्यावरच्या माणसाची छत्री उलटी होते. बैठा रुंद भाग हा झोत वरच्या वर अडवतो. उपग्रहांचे संकेत भिंतींवरून उलटून येतात, म्हणून अशा रस्त्यांत फोनच्या नकाशावरचा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. उष्ण, कोरड्या प्रदेशात मात्र खोल घळई हेच वरदान ठरते. येमेनमधील शिबाम गावात १६ व्या शतकापासूनची कच्च्या विटांची बहुमजली घरे खेटून उभी आहेत. बाहेरून त्यांची लहानशी नभरेषा दिसते आणि आत गल्ल्यांमध्ये सावली टिकून राहते.

उंचीच्या तक्त्यांबद्दल सावधगिरी बाळगायला हवी. उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या निकषानुसार मनोऱ्याचा सुळका उंचीत धरतात, अँटेना धरत नाहीत. म्हणून १९९० च्या दशकात क्वालालंपूरचे पेट्रोनास मनोरे शिकागोच्या सिअर्स टॉवरच्या पुढे गेले, जरी सिअर्सचे छत अधिक उंचावर होते. बुर्ज खलिफाच्या ८२८ मीटरपैकी वरचे सुमारे २४४ मीटर वापरातल्या मजल्यांच्या वर आहेत.

रस्त्यावरून दिसणारे आकाश मोजण्याची जुनी आणि सोपी पद्धत छायाचित्राची आहे. रस्त्याच्या मध्यावर कॅमेरा आभाळाकडे तोंड करून ठेवतात आणि माशाच्या डोळ्यासारख्या बहिर्गोल भिंगातून एक फोटो घेतात. गोल चौकटीत कडेकडेने इमारतींचे माथे आत झुकलेले येतात आणि मधोमध आकाशाचा तुकडा उरतो. या तुकड्याच्या कडेने जी दातेरी रेघ दिसते, तीही नभरेषाच आहे, खालून पाहिलेली.