सात पुस्तकं ‘घुसवली’ नाहीत
पुणे कॅम्पातल्या आमच्या घरी दोन बायबलं शेजारी असतात. आईचं कॅथलिक, ७३ पुस्तकांचं. बाबांचं प्रोटेस्टंट, ६६ पुस्तकांचं. ‘जादाची सात कॅथलिकांनी १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेत घुसवली,’ हे मी लहानपणापासून ऐकतेय. ते खरं नाही. टोबित, ज्युडिथ, मक्काबी ही पुस्तकं उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या धर्मपरिषदेनं ३९७ मध्ये केलेल्या बायबलच्या पुस्तकांच्या यादीतही आहेत. ट्रेंटनं शिक्कामोर्तब केलं, एवढंच. खुद्द प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरच्या १५३४ च्या जर्मन बायबलातही ती होती, पण वेगळ्या विभागात: वाचायला चांगली, पवित्र शास्त्राच्या बरोबरीची मात्र नाहीत, असं सांगून. ती ज्यूंच्या हिब्रू शास्त्रात नाहीत, हा प्रोटेस्टंटांचा आक्षेप रास्तच आहे. खरा वाद शास्त्र कोणतं हे ठरवण्याच्या चर्चच्या अधिकाराचा आहे. आईच्या प्रतीत टोबितचं पान सगळ्यात मळलंय. माझ्या लग्नात तिनं तेच वाचलं होतं.