न्यूरोफायब्रोमातल्या मास्ट सेल: हा संशय आला कुठून?

न्यूरोफायब्रोमा म्हणजे त्वचेतल्या बारीक नसांच्या आवरणातून वाढणारी मऊ गाठ, कॅन्सर नाही. एखादी असली तर कोणी लक्षही देत नाही, पण एनएफ-१ हा जनुकीय आजार असला (साधारण ३००० जणांत एकाला असतो) तर अंगभर शेकडो येऊ शकतात, आणि बऱ्याच जणांच्या गाठींना खाज सुटते. खाज म्हटली की मास्ट सेल आल्याच, अ‍ॅलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या त्याच. याच पेशी गाठ वाढवतात, असा संशय आहे.

१८८२ मध्ये स्ट्रासबुर्गच्या पॅथॉलॉजिस्ट फॉन रेकलिंगहाउझेननी या गाठी नसांशी जोडून दाखवल्या. गंमत म्हणजे १८६३ मध्ये बेडकाच्या पोटातल्या पडद्यात दाणेदार पेशी बघितल्या त्याही यांनीच, ज्यांचं मास्ट सेल हे बारसं पुढे १८७८ मध्ये पॉल एर्लिखनी केलं.

गाठींच्या स्लाइडमध्ये मास्ट सेल भरपूर दिसतात, पण त्या नुसत्या बघ्या नाहीत, गाठ वाढवतात, असं ठासून मांडलं अमेरिकेतले डॉक्टर व्हिन्सेंट रिकार्डी यांनी, १९८० च्या दशकात. त्यांनी पेशंटना दम्याचं किटोटिफेन देऊन बघितलं, खाज कमी झाली, गाठींचा वेगही मंदावल्यासारखा वाटला. माझ्या मते माणूस काळाच्या पुढे होता, कारण एनएफ-१ चा जीनच सापडला १९९० मध्ये.

मग उंदीर आले. २००२ मध्ये डॅलसच्या लुईस पाराडांच्या लॅबने दाखवलं की श्वान सेलमधल्या (नसांचं आवरण बनवणाऱ्या पेशींतल्या) या जीनच्या दोन्ही कॉप्या उडवल्या तरी पुरत नाही, आजूबाजूच्या पेशींतही एक कॉपी गेलेली लागते. इंडियानाच्या वेड क्लॅप यांच्या टीमला पुढचा दुवा मिळाला: बिघडलेल्या श्वान सेल किट लायगंड (मास्ट सेलना खेचणारं प्रथिन) सोडतात आणि मास्ट सेल त्यामागे धावत येतात. २००८ मध्ये तर त्यांनी उंदरांचा बोन मॅरो, जिथून मास्ट सेल येतात, तो बदलून त्यांचा हात दाखवून दिला, आणि किट (या प्रथिनाचा मास्ट सेलवरचा रिसेप्टर) अडवणारं कॅन्सरचं औषध इमॅटिनिब लगेच चर्चेत आलं. पण २०१२ च्या ट्रायलमध्ये ३६ पैकी ६ जणांचीच गाठ २० टक्के किंवा जास्त आटली.

तोवर इतर उंदरांत आजूबाजूच्या पेशी धडधाकट असूनही गाठी झाल्या होत्या, आणि २०१३ मध्ये सिनसिनाटीच्या नॅन्सी रॅटनर यांच्या गटाने मॅक्रोफेजकडे (दुसऱ्या एका प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशींकडे) बोट दाखवलं, म्हणजे सगळा दोष मास्ट सेलच्या माथी मारणं तेव्हापासून अवघडच झालं. शिवाय यातलं बरंचसं काम खोलवरच्या, नसांच्या जाळ्यात पसरणाऱ्या प्लेक्सिफॉर्म गाठींवरचं आहे, सेल्युमेटिनिब हे औषधही २०२० मध्ये अमेरिकेत आधी मंजूर झालं ते लहान मुलांतल्या त्याच गाठींसाठी. त्वचेवरच्या गाठी अजून मुख्यतः कापून नाहीतर लेझरने वगैरे काढतात.