मुलांमधील एककर्णी श्रवणदोष

एका कानाची श्रवणक्षमता सर्वसाधारण असून दुसऱ्या कानाला कमी ऐकू येणे किंवा मुळीच ऐकू न येणे, या स्थितीला एककर्णी श्रवणदोष म्हणतात. दर हजार नवजात बालकांमागे सुमारे एकात तो जन्मतः आढळतो. गालगुंड, मेंदूज्वर, डोक्याला झालेली इजा अशा कारणांनी पुढे त्यात भर पडते व शाळकरी वयात प्रमाण वाढते. श्रवणतंत्रिकेची (कानाकडून मेंदूकडे संकेत नेणाऱ्या मज्जातंतूची) अपुरी वाढ, अंतर्कर्णाच्या रचनेतील दोष, कर्णनलिका (कानाच्या छिद्रापासून पडद्यापर्यंतचा मार्ग) तयारच न होणे आणि गर्भावस्थेतील सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग ही जन्मजात दोषाची काही कारणे होत.

अशा मुलाला ऐकू येते, आणि नेमके हेच निदानाच्या आड येते. शांत खोलीत समोरच्याचे बोलणे त्याला नीट समजत असल्यामुळे घरी कोणाला शंका येत नाही. एक कान चांगला असला की पुरे, ही समजूत केवळ पालकांत नव्हे, तर वैद्यकातही दीर्घकाळ रूढ होती. वास्तविक उणीव राहते ती दोन्ही कानांनी मिळून करायच्या कामांत.

त्यांतले पहिले काम दिशा ओळखण्याचे. कडेने आलेला ध्वनी दूरच्या कानापर्यंत जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, शिवाय मध्ये डोके आल्याने तो क्षीणही होतो. कमी वारंवारतेच्या ध्वनींची दिशा मेंदू मुख्यतः वेळेतील फरकावरून, तर अधिक वारंवारतेच्या ध्वनींची तीव्रतेतील फरकावरून ठरवतो, असे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १९०७ मध्ये मांडले. एकाच कानाकडून माहिती येत असेल, तर तुलना करायला दुसरी बाजूच उरत नाही. मैदानावर हाक मारली की असे मूल थांबते, पण भलतीकडे पाहते. रस्त्यावर भोंगा ऐकू येतो, वाहन कोणत्या बाजूने येत आहे ते कळत नाही.

दुसरे काम गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याचे. डोक्याच्या आडोशाने होणारी घट उच्च वारंवारतेच्या ध्वनींत १५ ते २० डेसिबलपर्यंत जाऊ शकते आणि तिचा फटका मुख्यतः व्यंजनांना बसतो. ‘साल’, ‘शाल’ आणि ‘खाल’ या शब्दांतला फरक पहिल्या व्यंजनापुरताच आहे. शिक्षक दुबळ्या कानाच्या बाजूला आणि पंख्याची घरघर चांगल्या कानाशी असेल, तर तो फरक पुसला जातो. मोठी माणसे संदर्भावरून गाळलेला शब्द भरून काढतात. ज्याची शब्दसंपत्ती अजून घडत आहे, त्या मुलाला हे तितके साधत नाही. सतत कान देऊन ऐकण्याने येणारा थकवा अनेकदा दुर्लक्ष किंवा खोडकरपणा समजला जातो.

अमेरिकेत फ्रेड बेस व ॲन मेरी थार्प या संशोधकांनी १९८० च्या दशकात अभ्यासलेल्या अशा ६० मुलांपैकी ३५ टक्के मुलांना एखादी तरी इयत्ता पुन्हा करावी लागली होती. उरलेली मुले पुढे गेली, हेही त्याच आकड्यात आहे; परिणाम प्रत्येक मुलात सारखा नसतो.

उपाय दोषाच्या स्वरूपानुसार ठरतो. दुबळ्या कानात काही श्रवणशक्ती शिल्लक असल्यास श्रवणयंत्र, कर्णनलिका नसल्यास अस्थिमार्गे ध्वनी पोहोचवणारे साधन उपयोगी पडते. दुबळ्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे वळवणारी यंत्रेही आहेत. मात्र ती दिशाज्ञान परत देत नाहीत, आणि गोंगाट त्या बाजूला असेल तर तोही चांगल्या कानात आणून सोडतात. शिक्षकाच्या गळ्यातील मायक्रोफोनवरून मुलाच्या कानापर्यंत थेट आवाज नेणारी व्यवस्था वर्गात अधिक कामाची ठरते. पूर्ण बहिऱ्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट (श्रवणतंत्रिकेला विद्युत संकेत देणारे, शस्त्रक्रियेने बसवायचे साधन) बसवण्यासाठी श्रवणतंत्रिका शाबूत असावी लागते. जन्मजात दोषात ते लवकर बसवणे इष्ट, कारण काळ लोटतो तसा मेंदू एकाच कानाला सरावत जातो. चांगला कान शिक्षकाकडे येईल अशी जागा देणे सर्वांत सोपे. पण गटचर्चेत बोलणारा दर क्षणी बदलतो, तेव्हा ती जागा निरुपयोगी होते.

चांगल्या कानाची नियमित तपासणीही उपचाराचाच भाग आहे. मध्यकर्णात द्रव साठणे हा बालपणीचा नेहमीचा आजार; इतर मुलांत तो आपोआप ओसरण्याची काही आठवडे वाट पाहता येते, मात्र या मुलांत तेवढ्या काळात ऐकणारा एकमेव कानही मंदावलेला असतो.